बेटाचा हंगाम

जून तोंडावर आला की वेंगुर्ल्यापासून निवतीपर्यंतच्या होड्या वाळूवर ओढल्या जातात. त्यांच्यावर झापं, ताडपत्र्या पडतात. इंजिनं घरात येतात, जाळी माळ्यावर जातात. सरकारची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, अशी दोन महिन्यांची. दर्याची बंदी तिच्याहून जुनी, आणि ती नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याखेरीज उठत नाही. या दिवसांत किनाऱ्यावर उभं राहून पश्चिमेला पाहिलं तर पाऊस आणि गढूळ पाणी याखेरीज काही दिसत नाही. पाऊस सरून हवा धुतल्यासारखी झाली की त्याच ठिकाणी, क्षितिजाच्या थोडं अलीकडे, खडकांची एक विस्कटलेली ओळ उमटते. एका खडकावर दीपगृहाचा मनोरा. हे वेंगुर्ला रॉक्स. निवतीकडची माणसं त्यांना निवती रॉक म्हणतात, कुणी बंदारा म्हणतं, आणि पोर्तुगीजांनी नकाशावर जळकी बेटं असं लिहिलं, ते इंग्रजांनी बर्न्ट आयलंड्स म्हणून पुढे चालवलं.

वेंगुर्ल्याहून ही बेटं पंधराएक किलोमीटरच्या पुढेच. निवतीहून बरीच जवळ. वस्ती नाही. दिवा आहे, पण दिव्यापाशी चूल नाही. गोडं पाणी नाही, झाड म्हणावं असं झाड नाही, होडी लावायला पुळण नाही. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि ते बेट इतिहासात गेलं. या खडकांकडे कुणा राज्यकर्त्याने त्या नजरेने पाहिलं नाही. किल्ला बांधायला ते फार लहान आणि किनाऱ्यापासून फार लांब. त्यांच्यासमोरून मात्र पुष्कळ काही गेलं. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली आणि तिच्या आधाराने गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदीची गलबतं उभी केली. त्या वखारीच्या पडक्या भिंती गावात अजून आहेत. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांकडून बंदर इंग्रजांकडे गेलं, आंबोलीचा घाट उतरून बेळगावचा माल इथे येऊ लागला, मग मुरगावची रेल्वे झाली आणि वेंगुर्ल्याची रया गेली. मुंबई-गोवा आगबोटी चालत होत्या तोवर रात्री धक्क्याबाहेर पडावात उतरणाऱ्या चाकरमान्यांना हा दिवा ओळखीचा होता. त्याही बंद पडल्या. खडकांना यातलं काही चिकटलेलं नाही. इतिहास शोधायचा तर तो इथे तोफा आणि तटांत सापडत नाही, पाखरांच्या वहीत सापडतो.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेशी जोडतो, पण हा गृहस्थ आधी पक्ष्यांचा होता. १८७५ च्या आरंभी लक्षद्वीपच्या सफरीवर जाताना तो पश्चिम किनाऱ्यावरची बेटं पाहत गेला आणि पुढच्या वर्षी ‘स्ट्रे फेदर्स’ या स्वतःच्याच नियतकालिकात त्याने त्या सफरीचा लांबलचक वृत्तान्त छापला. वेंगुर्ल्याच्या खडकांवर त्याला दिसली ती सुरय या समुद्रपक्ष्यांची वाळून गेलेली शरीरं. आदल्या पावसाळ्यात इथे वसाहत होती, अंडी होती, पिल्लं होती, एवढं कळायला ते पुरेसं होतं. पक्षी मात्र नव्हते. ते केव्हाच उघड्या समुद्रावर निघून गेले होते.

मला ह्यूमच्या त्या भेटीचं नेहमी नवल वाटत आलं आहे. एवढा मोठा संग्राहक, हाताशी जहाज, आणि बेटाने त्याला दाखवली ती उरलेली हाडं. त्यात त्याचा दोष काहीच नव्हता. माणूस या बेटाकडे येऊ शकतो ते समुद्र निवला की, आणि सुरय तिथे राहतो तो समुद्र उठला की. दोघांची पंचांगंच वेगळी.

भुऱ्या पाठीचा हा सुरय इतर दिवशी जमिनीला पाय लावत नाही म्हटलं तरी चालेल. किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेल्या खळ्याभोवती जे सुरय घिरट्या घालतात त्यांच्यातला तो नव्हे. तो खोल समुद्रावरचा. थकला तर वाहत आलेल्या ओंडक्यावर, कधी पोहणाऱ्या कासवाच्या पाठीवर टेकतो. कबुतराहून सडपातळ, डोक्याला काळी टोपी, कपाळावर पांढरा पट्टा भुवईसारखा मागे ओढलेला, शेपूट खोल दुभंगलेलं. वळीव संपता संपता तो खडकांवर जमू लागतो. मादी एकच अंडं घालते, तेही उघड्यावर नाही. कपारीत, एखाद्या पुढे आलेल्या दगडाच्या आडोशाला. मग पाऊस सुरू होतो. आपण किनाऱ्यावर कौलं चाळून, पागोळ्यांखाली घागरी लावून बसलेलो असतो तेव्हा तिकडे वारा, लाटा, फेस आणि त्या कपारींतून शेकडो पाखरांचा कलकलाट. हे मी पाहिलेलं नाही. वर्षानुवर्षं किनाऱ्यावर राहणाऱ्या फार थोड्यांनी पाहिलं असेल. सप्टेंबरात समुद्र मऊ होतो, पहिली होडी रॉककडे जाते, तोवर बहुतेक पिल्लं उडालेली असतात.

दुसरा पक्षी नेमका उलट्या हंगामाचा, आणि त्याची सगळी दुर्दशा त्या हंगामाने केली आहे.

ती पाकोळी. चिमणीएवढी, काळपट तपकिरी, पंख कोयत्यासारखे, पाय जवळजवळ नसल्यासारखे. तिला फांदीवर बसता येत नाही; ती नुसती लटकते. इथल्या एका खडकात समुद्राकडे तोंड असलेली गुहा आहे, आत काळोख. त्या काळोखात पाकोळ्या तोंडाने चट्‌चट् असा आवाज काढतात आणि भिंतीवरून परतलेल्या आवाजावरून वाट ओळखतात. वटवाघळासारखंच, फक्त हा आवाज आपल्या कानांनाही ऐकू येतो. घरटं म्हणजे लाळ. विणीच्या दिवसांत त्यांच्या लाळग्रंथी फुगतात, पाकोळी भिंतीला चिकटून त्या लाळेचे धागे ओढत राहते, त्यात पिसं, गवत, शेवाळ मिसळतं आणि सुकल्यावर तळहातात मावेल अशी अर्धी वाटी भिंतीला घट्ट धरून राहते. तिच्यात दोन पांढरी अंडी. हे सारं पावसाआधीच्या महिन्यांत, म्हणजे समुद्र जेव्हा तळ्यासारखा असतो आणि कुणीही दोन तासांत होडी काढून येऊ शकतं तेव्हा.

चिनी स्वयंपाकात या जातकुळीच्या पाकोळ्यांच्या घरट्यांचं सूप करतात. उत्तम समजलं जातं ते निव्वळ लाळेचं पांढरं घरटं, आणि ते अंदमानात, आग्नेय आशियात मिळतं. आपल्या पाकोळीचं घरटं पिसांनी भरलेलं, निवडत बसावं लागणारं, म्हणजे दुय्यम माल. तरीही त्याला गिऱ्हाईक असतं. थॉमस जेर्डनच्या १८६२ च्या ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’त पाकोळीची जी मोजकी ठिकाणं दिली आहेत त्यांत मुरुडेश्वरसमोरचं नेत्राणी बेट आहे आणि हे वेंगुर्ल्याचे खडकही आहेत. तेव्हापासून या गुहेचा पत्ता छापील आहे. घरटं गेलं की पाकोळी पुन्हा बांधायला घेते, पण दुसऱ्या खेपेस लाळ कमी आणि दिवसही कमी.

१९४० च्या सुमारास हुमायून अब्दुलअली इथे आला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा हा खंदा माणूस; पुढे बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध त्याने जी चिकाटीने लढाई दिली तिच्यासाठी तो अनेकांना ठाऊक आहे. सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याने या खडकांवरचे सुरय आणि पाकोळ्या यांच्यावर १९४० मध्ये लिहिलं, दोन वर्षांनी परत लिहिलं, आणि चाळीसेक वर्षांनी, म्हातारपणी, पुन्हा याच खडकांवरचे पारवे, पाकोळ्या आणि सुरय यांच्यावर टिपण केलं. एका निर्जन खडकावर एका माणसाने आयुष्याच्या दोन टोकांना येऊन लिहावं, याला नुसती शास्त्रीय शिस्त म्हणून मला भागत नाही. पाखरांपायी जडलेलं वेडच ते. घरटी चोरली जातात ही गोष्ट सर्वांसमोर आणली ती चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, या शतकाच्या सुरुवातीला. आज पाकोळीला कायद्याचं संरक्षण आहे. गुहेच्या तोंडाशी पहारेकरी मात्र ठेवता येत नाही. ठेवला तर तो पिणार काय?

मी गेलो तो फेब्रुवारीत, म्हणजे ह्यूमच्या आणि चोरांच्या हंगामात. पहाटेची मतलई सरत होती, पाणी तेलासारखं. तांडेल साठीचा, निवतीकडचा. निघतानाच त्याने बजावलं, “वारो पडलेलो आसा तोवर फिराया, मगे काय खरां नाय.” वाटेत डॉल्फिन दिसले, त्यांच्या राखाडी पाठी वर आल्या, श्वास ऐकू आला, आणि त्यांनी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खडक जवळ आले तसे त्यांचे आकार सुटे झाले. किनाऱ्यावरून ओळ वाटते ती प्रत्यक्षात ओळ नाही. चार दिशांना तोंडं करून बसलेले उघडे माथे आहेत, मधून खोल निळे पट्टे वाहतात. माथ्यांवर विष्ठेचा पांढरा लेप. पाण्यालगत कालवांच्या धारदार कडा, त्यांच्यावर लाट चढते आणि शंभर ठिकाणांहून गळत खाली येते. आपल्या किनाऱ्याला जांभ्याचा तांबडा रंग आहे, माडांचा हिरवा आहे. इथे ते दोन्ही नाहीत, आणि त्यामुळे दहा मैलांत आपण परमुलखात आल्यासारखं वाटतं.

“काका, उतरता येईल का?”

“उतरूचा नाय. उतरलात तर परत चडूक भरती होयी.”

मग आम्ही नुसत्या फेऱ्या मारल्या. गुहेच्या तोंडाशी पाणी शांत दिवसातही आत ओढलं जात होतं आणि आतून ढोलासारखा आवाज येत होता. तेवढ्यात पाकोळ्या बाहेर पडू लागल्या. एकदोन, मग आठदहा, मग मोजता येईना. पाण्याला लागून त्या किनाऱ्याकडे निघाल्या. त्यांचं खाणं किनाऱ्यावर असतं. मोहोरलेल्या कलमांवर, वायंगणी भातावर, गावातल्या उकिरड्यांवर उडणारे बारीक किडे. म्हणजे ज्या बेटावर माणूस राहत नाही तिथली ही प्रजा रोज सकाळी आपल्या गावांत कामाला येते आणि संध्याकाळी घरी जाते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. सुरय एकही दिसला नाही. माथ्यावरच्या एका कपारीत काही पांढुरकं चमकलं. ते हाड होतं की शिंपला, होडीतून सांगता येत नव्हतं.

या खडकांना आता एक नवा शेजारी मिळणार आहे. नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका निवती रॉकजवळ बुडवायची, तिच्यावर प्रवाळ धरू द्यायचं आणि पर्यटकांना पाणबुडीतून ते दाखवायचं, अशी राज्य सरकारची योजना आहे. तिला सरसकट नाक मुरडणं मला जमत नाही. जाळी रिकामी येऊ लागल्यावर किनाऱ्यावरच्या पोरांनी काय करायचं, हा प्रश्न खरा आहे; मालवणात स्नॉर्केलिंगच्या होड्यांनी कित्येक घरं चालवली आहेत. शिवाय मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये झालं, तेव्हा हे खडक त्याच्या हद्दीबाहेरच राहिले, त्यामुळे शासनाच्या लेखी इथे जपण्यासारखं काही आहे याची आठवण निदान या निमित्ताने होईल. धास्ती वाटते ती पाकोळ्यांची. गर्दीचा हंगाम ऑक्टोबर ते मे, आणि त्यातला शेवटचा अर्धा त्यांच्या विणीचा. सुरयांची मला तेवढी काळजी नाही. त्यांच्या महिन्यांत कुठलंच तिकीट विकलं जाणार नाही.

परतताना मी तांडेलाला पाणबुडीबद्दल विचारलं. त्याने सुकाणूवरचा हात न काढता खांदे उडवले. “येवंदे की. पण वारो सुटलो तर ती पण बंदच.” मग त्याने इंजिन वाढवलं. दहाला दुसरे पाहुणे येणार होते, त्यांना डॉल्फिन दाखवायचे होते.