दोन लिटर

संडासवाटे रक्त जात असल्याचे अब्बांनी चार महिने आमच्यापासून लपवले. कळल्यावरही "मूळव्याध असेल, जाईल" एवढेच म्हणाले. शेवटी समजूत काढून आम्ही त्यांना मिहानमधल्या एम्समध्ये नेले. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी सांगितली, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहायचे. त्याआधी पोट साफ करायला एक पावडर, दोन लिटर पाण्यात मिसळून प्यायची.

पहिल्या खेपेला घोळ आम्हीच केला. औषध खारट म्हणून अब्बांनी निम्मे ठेवून दिले. रिकाम्या पोटी झोप कशी येणार, म्हणून अम्मींनी मऊ खिचडी भरवली, वर ग्लासभर रूह अफजा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आतडे साफ नाही, काही दिसत नाही, पुन्हा यावे लागेल. आणि लाल सरबत तर मुळीच नको, आत ते रक्तासारखे दिसते.

आम्ही उर्दू-मराठी शिकवणारे. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना विचारले, नुसते दोन लिटर पाणी प्यायले तर? ते हसले. म्हणाले, ते शरीर शोषून घेईल आणि लघवीवाटे जाईल. काकडीवर मीठ घातले की पाणी सुटते ना, तसे पाणी ओढणारे हे औषध. या पावडरीतला मुख्य पदार्थ आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. पाणी धरून आतच राहतो आणि सगळे धुऊन बाहेर नेतो. त्यात क्षारही मोजून घातलेले असतात, म्हणजे एवढ्या जुलाबांनी अंगातले क्षार फारसे कमी होत नाहीत. निम्मे प्यायले तर धुणेही निम्मेच! (मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे.)

दुसऱ्या खेपेला आदल्या दिवशी फक्त शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत आणि बिनदुधाचा चहा. एक लिटर संध्याकाळी, दुसरा फजरच्या बराच आधी, कारण मोमीनपुऱ्याहून मिहान लांब. औषध गार करून दिले तर घशाखाली उतरले. अब्बा लाजत होते, पण दर वेळी रंग सांगत होते. सकाळी पिवळसर, स्वच्छ पाणी आले तेव्हा अम्मींनीच "आता निघा" म्हटले.

आतड्यात एक लहान गाठ सापडली. दुर्बिणीतूनच काढून तपासणीला पाठवली आहे. पहिल्या खेपेला ती दिसलीच नसती. अहवाल पुढच्या आठवड्यात येईल. अब्बा रोज विचारतात, आम्ही रोज तेच उत्तर देतो.