यामा मी कोठे शे?

तर झालं असं, की मागच्या वर्षी दिवाळीनंतर धुळ्याची आत्या आमच्याकडे जळगावला आली होती. बाई जळगावात जन्मली, वाढली, लग्न होऊन धुळ्याला गेली, पण जेमतेम साठ किलोमीटरवरची अजिंठ्याची लेणी काही तिने पाहिली नव्हती. जगभरातून माणसं जळगाव स्टेशनावर उतरून लेणी बघून जातात आणि आपण त्यांना रस्ता सांगतो!

मी नुकताच कॅमेरा घेतला होता. म्हटलं, चल आत्या, तुला लेणी दाखवतो आणि मस्त फोटोही काढतो. फर्दापूरला गाडी लावली, तिथल्या बसने वर गेलो. पायऱ्यांपाशी डोलीवाले दिसले. आत्या म्हणाली, "मी काय नवरी शे का?" आणि गुडघे दाबत चढली.

रात्री टीव्हीला जोडून सगळे दोनशे बारा फोटो घरच्यांना दाखवले. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी हललेला. व्ह्यू पॉइंटवरून घेतलेला वाघूर नदीचा वळसा कुठल्याही कॅलेंडरवर असतो तसाच. मग आलं सव्विसावं लेणं. तिथला निजलेला बुद्ध सुमारे सात मीटर लांब आहे. तो अख्खा बसावा म्हणून मी मागे मागे सरकत खांबांच्या पलीकडे गेलो होतो. आत्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "यामा मी कोठे शे?"

ती खांबामागे होती. नुसता पदर दिसत होता.

सगळे हसले, मीही हसलो. पण झोप लागेना.

मग अभ्यास सुरू केला. लेण्यांमध्ये फ्लॅश चालत नाही, कारण चित्रांना जपायचं असतं. उजेड कमी, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि हात जरा हलला की फोटो हलतो. उपाय सोपा आहे : आयएसओ वाढवायचा, कोपरं बरगडीला टेकवायची, श्वास रोखायचा आणि तीन-चार फोटो लागोपाठ घ्यायचे. थोडे दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही. दारात उभ्या माणसाचा चेहरा काळा येतो, कारण कॅमेरा बाहेरचं ऊन धरून मोजमाप करतो. त्याला चेहऱ्यावर मोजायला लावायचं, किंवा माणसालाच उजेडाकडे वळवायचं. मेहरूण तलावावर आणि येता-जाता पारोळ्याच्या किल्ल्यात मी हाच सराव केला.

त्याच दिवसांत मेजर रॉबर्ट गिलबद्दल वाचलं. 1844 पासून त्याने वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रंगवल्या. त्यांतल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 च्या आगीत जळाल्या. त्याने कॅमेराही हाती घेतला होता. त्याचे लेण्यांचे फोटो 1864 साली फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात छापले गेले. 1879 साली तो वारला आणि त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. एवढी वर्षं एकाच जागेकडे बघत राहिलेला माणूस! आणि मी चार तासांत दोनशे बारा फोटो काढून मोकळा.

फेब्रुवारीत आत्याला पुन्हा नेलं. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरला आणि गर्दीच्या आधी पोचलो. या खेपेला तिने मुकाट्याने डोली घेतली. मी मात्र ठरवलं होतं, की 'इथे उभी राहा, तिकडे बघ' म्हणायचं नाही.

सव्विसाव्या लेण्यात तिने विचारलं, मूर्तीच्या खाली ही बारकी माणसं कोण? म्हटलं, बुद्धाचे शिष्य, तो गेला म्हणून शोक करताहेत. ती पुढे झाली आणि एकेका चेहऱ्याकडे बघत राहिली. फुवांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही कोणी तिच्यासमोर तो विषय काढत नसू. तिला बरं वाटावं म्हणून दरवेळी दुसरंच काहीतरी बोलायचो. ती हळूच म्हणाली, "यांना तर रडू दिलं कोणी."

मी बुद्ध अख्खा घेतला नाही. दाराकडून तिरपा उजेड येत होता. त्यात आत्याचा चेहरा, शेजारी त्या शिष्यांची ओळ आणि वर बुद्धाचा हात, एवढंच घेतलं. जरा दाणेदार आलाय. एका बाजूला कोणाची तरी पिशवीही आलीय.

तो फोटो आता धुळ्याच्या घरी फुवांच्या फोटोशेजारी लावलाय. आत्या, वहिनी हे तुला वाचून दाखवेलच. पुढच्या खेपेला फोन केलास की फुवांबद्दल बोलू. इतके दिवस आम्हालाच धीर नव्हता.