धुराची बाजू घेताना

वाफेच्या इंजिनाबद्दल हळवी होणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. कोणी "काय ती शिट्टी, काय तो डौल" म्हणून डोळे मिटले की मी विचारायची, "तुमच्या घरचं कोण होतं हो रेल्वेत?" उत्तर बहुधा "कोणी नाही" असंच यायचं. मग मी पुढे बोलायची नाही, पण चेहऱ्यावर जे दिसायचं ते पुरेसं असायचं.

माझे वडील, आमचे अण्णा, भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा. अण्णा उठून डबा घ्यायचे आणि जायचे. परत कधी येणार ते आईला ठाऊक नसायचं, त्यांनाही नसायचं. आले की त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत. सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवूनही आई दुसऱ्या दिवशी ते बडवायची, तेव्हा मोरीतून काळं पाणी वाहायचं. उशीच्या अभ्र्यावर डोक्याएवढा डाग कायमचा. अण्णा खोकले की काळं पडायचं.

त्यांच्या वाट्याला बहुतेक डब्ल्यूजी इंजिनं आली. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेली, मालगाड्या ओढणारी. त्यावर एक ड्रायव्हर आणि दोन फायरमन. एकाने मागच्या टेंडरमधला कोळसा फोडून पुढे आणायचा, दुसऱ्याने भट्टीत मारायचा. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि ही माणसं भट्टीच्या तोंडाशी. आपल्या कोळशात राख फार. जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून थिजलेली राख, धरला की हवा कोंडते आणि वाफ उतरते. मग लांब सळईने तो फोडून काढायचा, चालत्या गाडीत.

आणि ड्युटीचे तास? त्यांना धरबंधच नव्हता. लोको रनिंग स्टाफने 1973 साली संप केला तो याचसाठी, दहा तासांच्या वर काम नको म्हणून. पुढच्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखालचा मोठा संप झाला. आठ तारखेपासून वीस दिवस. आम्हाला क्वार्टर खाली करावं लागेल या भीतीने आईने भांडी पोत्यात भरून ठेवली होती. माझ्या लहानपणीची वाफ म्हणजे हे सगळं. शिट्टी त्यात कुठेतरी असेल.

चित्तरंजनने 1970 साली ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर काढलं. नाव ठेवलं ‘अंतिम सितारा’. डिसेंबर 1995 मध्ये जालंधर-फिरोजपूर मार्गावर ब्रॉडगेजवरची नेहमीची वाफेची गाडी थांबली. बातमी आली तेव्हा अण्णांनी ती वाचली आणि पान उलटलं. मी ते पान उलटणं मनात जपून ठेवलं आणि पुढे वादावादीत पुरावा म्हणून वापरत आले. बघा, ज्याने फावडं मारलं त्याला रडू आलं नाही. रडतात ते डब्यात बसलेले.

गेल्या उन्हाळ्यात भावाच्या मुलाकडे बर्मिंगहॅमला गेले. एका रविवारी तो म्हणाला, "आत्या, उद्या सुट्टी टाकलीय. वेल्समध्ये वाफेच्या गाडीत बसायला जायचं." मी म्हटलं, "अरे, ज्या धुरातून बाहेर पडायला तुझ्या आजोबांनी जन्म घालवला, त्यात बसायला पैसे कसले देतोस?" तो म्हणाला, "तिकिटं काढून झालीत." गेले.

टविन हे वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं गाव. तिथून डोंगरात जाणारी टॅलिथलिन रेल्वे 1865 साली बांधली ती ब्रिन एग्लुइसच्या खाणीतला पाटीचा दगड खाली आणण्यासाठी. रुळांतलं अंतर सव्वादोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीहून जेमतेम तीन इंच जास्त. सुरुवातीलाच सरकारी तपासनीस आले तर त्यांच्या लक्षात आलं की पुलांखालून जाताना डब्याच्या बाजूला पुरेशी जागाच उरत नाही. पूल मोडून बांधायला पैसा नव्हता. तेव्हा रूळ एका अंगाला सरकवले आणि डब्यांची त्या अडचणीच्या बाजूची दारं कायमची बंद करून टाकली. आजही गाडीत एकाच बाजूने चढता येतं. हे ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. रेल्वे कुठलीही असो, जुगाड तोच.

खाण डिसेंबर 1946 मध्ये ढासळून बंद पडली. ब्रिटनमधल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं त्यात ही एवढीशी गाडी घेतलीच नाही. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी मी जिवंत आहे तोवर गाडी चालेल, असा शब्द दिला होता आणि पदरचे पैसे घालून तो पाळला. ते 1950 च्या जुलैत गेले. तेव्हा टॉम रोल्ट या लेखकाने, जो शिकलेला इंजिनिअर होता, ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा बोलावली: ही गाडी आपणच चालवू या का? मे 1951 मध्ये हौशी स्वयंसेवकांनी पहिली गाडी सोडली. जगात असं त्याआधी कुठे झालं नव्हतं. धड म्हणावं असं इंजिन एकच, 1866 चं डॉलगॉख. स्लीपर कुजलेले, रुळांमध्ये गवत. शेजारच्या कॉरिस रेल्वेला टाळं लागलं होतं, तिची दोन इंजिनं गंजत पडली होती. ती पंचवीस-पंचवीस पौंडांना घेतली. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री यांनीही इथे स्वयंसेवक म्हणून काम केलं आणि त्यातूनच त्यांच्या काही गोष्टी निघाल्या.

आमच्या गाडीला त्या पंचवीस पौंडांतलंच एक इंजिन होतं, 1921 साली बनलेलं ‘एडवर्ड थॉमस’. अगदीच बुटकं. डब्ल्यूजी पाहिलेल्या माणसाला हसू यावं. मी हसलेसुद्धा. मग मी फायरमनकडे पाहिलं. ती विशीतली मुलगी होती.

इथून पुढचं नीट सांगायचा प्रयत्न करते, कारण माझं मत फिरलं ते इथे, आणि ते मुलगी पाहून फिरलं असं कोणाला वाटायला नको. मुली इंजिनावर असाव्यात यात मला नवल वाटण्याचं कारण नाही. मला थांबवलं ते तिच्या हातांनी. तिने भट्टीचं दार उघडलं, फावड्याचं पातं आगीवर उपडं धरून आत डोकावली, मग थोडाच कोळसा घेतला आणि मनगटाला हलका झटका देऊन तो मागच्या कोपऱ्यात पसरवला. पुन्हा थोडा, डाव्या अंगाला. दार बंद. लगेच मान वर, चिमणीकडे: धुराचा रंग कसा आहे? मग गेज ग्लास: पाणी कुठे आहे? मग बॉयलरमध्ये पाणी सोडणारा इंजेक्टर. हा क्रम मला पाठ होता. अण्णा निवृत्तीनंतर अंगणात बसून नातवंडांना खेळणं म्हणून दाखवायचे तो हाच. "थोडं थोडं, पसरून. ढीग घातला की आग मरते." आम्हाला तो म्हाताऱ्याचा चाळा वाटायचा.

गाडी शेवटच्या नँट ग्वेर्नॉलला थांबली, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागेपर्यंत थोडा वेळ होता. परतीच्या वाटेवर अबरगिनॉल्विनला गाडी जरा जास्त थांबते. तिथे मी भाच्याला मध्ये घालून तिच्याशी बोलले. म्हटलं, बॉयलरमधलं पाणी खाली गेलं तर? ती म्हणाली, भट्टीच्या छताला शिशाचा प्लग असतो, पाणी उतरलं की तो वितळतो आणि वाफ आगीवर येते; पण तिथपर्यंत गोष्ट गेली तर मी इंजिनावर राहायच्या लायकीची नाही. अगदी हेच आमच्याकडे. लेड प्लग उडाला तर चार्जशीट. अण्णांना आयुष्यभर एकदाही ती मिळाली नाही, हे ते पगार सांगावा तसं सांगायचे. पगार फारसा सांगण्यासारखा नव्हता म्हणूनही असेल.

ती आधी क्लीनर होती. पहाटे येऊन राख काढायची, चिंध्यांनी इंजिन पुसायचं, हे करत करत फायरमन झाली. पुढे ड्रायव्हर व्हायचंय. तीच शिडी, त्याच पायऱ्या. भुसावळच्या शेडमध्ये अण्णा क्लीनर म्हणूनच लागले होते.

मी इतकी वर्षं एक लबाडी करत आले असं नाही म्हणणार. मी जे पाहिलं होतं ते खरंच होतं. पण अण्णांच्या अंगावरची काजळी आणि अण्णांच्या हातातली विद्या मी एकाच बादलीत भिजत घातली होती. माणसाला सोळा-सोळा तास राबवणं, झोप मोडणं, छातीत धूर भरणं हा अन्याय होता आणि तो गेला ते उत्तम झालं. त्याच माणसाला आगीचा रंग पाहून वाफेचा अंदाज सांगता येत होता. पुढे चढ कुठे आहे हे लक्षात ठेवून दोन मैल आधी आग बांधता येत होती. हेही गेलं, आणि ते जाताना मी टाळ्या वाजवत होते. टविनच्या लोकांनी दोन्ही वेगळं केलंय. तिथली पोरगी काम संपवून आंघोळ करून घरी जाते, आणि तिला नको असेल त्या आठवड्यात येत नाही. तिथल्या जुन्या मजुरांना ही सोय नव्हती. पण विद्या तीच आहे, आणि ती पुस्तकात उतरत नाही. दुसऱ्याच्या शेजारी उभं राहूनच ती हाताला लागते. साखळी एका पिढीसाठी जरी तुटली तर संपलं.

म्हणून इंजिन चालतं ठेवायचं. स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर रंग देऊन उभी केलेली इंजिनं आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्यापुढे फोटो चांगले येतात. बॉयलर चालता ठेवायचा तर तो धुवावा लागतो, आतले स्टे आणि नळ्या तपासाव्या लागतात, ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी तो पुरता उतरवून उलगडतात. तेवढ्यासाठी रिव्हेट मारणारा, नळ्या बसवणारा, सांधे ओळखणारा माणूस तयार करावा लागतो. चौथऱ्यावरच्या इंजिनाला पेंटर पुरतो.

कोळशाचं काय, हे भाच्यानेच विचारलं, परतताना. हवामानाची एवढी ओरड चाललेली असताना गंमत म्हणून कोळसा जाळायचा? माझ्याकडे याचं उत्तर नाही. साऱ्या हौशी गाड्या मिळून एखाद्या वीजकेंद्रापुढे किती जाळणार, असं म्हणता येईल, पण ही पळवाट आहे, हे मलाही कळतं. शिवाय नियतीचा टोला असा की वेल्सची फॉस-अ-व्रानची मोठी खुली खाण 2023 च्या अखेरीस बंद झाली आणि तेव्हापासून ब्रिटनच्या वाफेच्या गाड्यांना परदेशातून कोळसा आणावा लागतोय. एके काळी वेल्सचा कमी धुराचा कोळसा जगभर जायचा. मुंबईच्या रेल्वेलाही सुरुवातीला विलायती कोळसाच यायचा.

आणखी एक गोष्ट टोचली ती सांगते. गाडीत इंजिनाचं कौतुक पुष्कळ होतं. डोंगरातल्या खाणीत जे वाकून दगड फोडत होते त्यांच्याकडे प्रवाशांचं लक्ष कमी. युनेस्कोने 2021 साली वायव्य वेल्सच्या पाटीच्या दगडांचा सारा परिसर जागतिक वारशात घेतला, त्यात ही खाण, अबरगिनॉल्विन गाव आणि गाडी तिन्ही आहेत. तेव्हा शेवटच्या स्टेशनावरून खाणीच्या वाटेने वर चालत जाणाऱ्यांची संख्या वाढायला हरकत नाही. आम्ही गेलो नाही, माझे गुडघे.

परत आल्यावर आपल्याकडे काय आहे ते पाहू लागले. अहमदाबादहून एकतानगरला 2023 पासून एक ‘हेरिटेज’ गाडी जाते. तिचं इंजिन विजेचं आहे, वर वाफेच्या इंजिनाचा साज चढवलेला. सहा महिन्यांपूर्वी मी याला शहाणपणा म्हटलं असतं: डौल आहे, काजळी नाही. आता ते मला बहुरूप्याचं सोंग वाटतं. त्याउलट रेवाडीला 1893 चं जुनं शेड आहे आणि तिथे खरी इंजिनं पेटवून चालवतात. निलगिरीच्या गाडीला मेट्टुपलायम ते कुन्नूर अजून वाफच ढकलते. मग महाराष्ट्रातच का नाही? विदर्भात मूर्तिजापूरच्या शकुंतला गाडीला तर 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथलं एखादं इंजिन आवारातल्या आवारात का होईना पेटवता यायला काय हरकत आहे, असं मी आता लोकांना विचारत असते.

हिशोब सोपा आहे. 1995 साली पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला, बाकीचे सत्तरी-ऐंशीत. शिकवू शकतील अशी माणसं अजून आहेत, फार काळ नसतील. भुसावळला गेले तेव्हा अण्णांच्या वेळच्या काहींच्या घरी जाऊन आले. एक काका शिकवायला लगेच तयार झाले, फावडं कसं धरायचं ते खुर्चीत बसूनच दाखवू लागले. दुसऱ्या घरी मात्र काकांच्या आधी काकूच बोलल्या: "पुन्हा ते कपडे कोण धुणार?" मी म्हटलं, आता यंत्र आहे. त्या म्हणाल्या, "यंत्र माझं आहे." काका हसले आणि मला चहा घ्यायला लावला. नक्की काय ते दिवाळीनंतर कळवतो म्हणालेत.