भांडणानंतरची गाणी

ज्येष्ठ गायिकेचा नवा अल्बम आला की आपण तो आदराने ऐकतो आणि नकळत त्याच्यावर अन्याय करतो. ‘या वयातही गाताहेत’ या कौतुकात गाणं काय म्हणतंय याची विचारपूसच होत नाही. अमेरिकन कंट्री संगीतातल्या लॉरेटा लिन यांचा २००४ सालचा ‘व्हॅन लियर रोझ’ असल्या कौतुकावर सोडून देऊ नये. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराच्या या मुलीने वयाच्या ७२व्या वर्षी केलेला हा अल्बम आहे आणि त्यातली गाणी त्यांची स्वतःची आहेत. वयाने त्यांच्या लेखणीला नवं काही दिलं, असं माझं म्हणणं आहे आणि ते गाण्यांतूनच दाखवता येतं.

त्यांच्या १९६८च्या ‘फिस्ट सिटी’ या गाण्यात नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या बाईला झिंज्या धरून बदडण्याची धमकी होती. या अल्बममधल्या ‘फॅमिली ट्री’मध्ये तिढा तोच, पण इथे बायको दुसरीच्या दारात येते ती पोरं, म्हातारा कुत्रा आणि थकलेली बिलं घेऊन. भांडायला आले नाही, म्हणते. त्या माणसात तेवढी लायकी असती तर कदाचित भांडलेही असते. ‘विमेन्स प्रिझन’मधल्या बाईने बेइमान नवऱ्याचा जीव घेतलाय. देहदंडाच्या घडीला जमावाच्या आरड्याओरड्यातूनही तिला आईचं रडणं ऐकू येतं. विषय जुनेच आहेत हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही. पूर्वीची गाणी भांडणाच्या ऐन भरातली होती. ही गाणी त्याची किंमत कुणी मोजली ते सांगतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे यश निर्माता जॅक व्हाइट या तरुण रॉक संगीतकाराचं. ‘पोर्टलँड ओरेगॉन’मधली खणखणती गिटार त्यांचीच देणगी, हे मान्य. पण ‘मिस बीइंग मिसेस’मध्ये साथ अगदी मोजकी आहे. १९९६मध्ये पती गमावलेल्या लॉरेटा लग्नाची अंगठी डाव्या हातातून उजव्या हातात घालणाऱ्या विधवेचं गाणं गातात, आणि ते गाणं त्या एका कृतीवर उभं राहतं. अल्बमला ग्रॅमी मिळालं, पण पुरस्कार कधीकधी वयालाही दिले जातात, म्हणून तो पुरावा मी बाजूला ठेवतो. ज्येष्ठांचा खरा मान त्यांचं नवं काम नवं म्हणून पारखण्यात आहे. फसलं असेल तर तसं सांगण्यातही आहे. ‘व्हॅन लियर रोझ’ला अशा पारखीची भीती नाही.