साखरेचें दार

आम्ही वऱ्हाडकर काळ्या मातींतले, ज्वारी-कापसाचे लोक. मेळघाट सोडला तर अमरावती-अकोल्याकडे भाताचें शेत क्वचितच दिसतें. तरी भाताच्या रोपाविषयीं आम्हीं जें वाचलें, त्याचा संबंध आमच्या हुरड्याशींहि आहे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

हुरडा गोड कां लागतो? कोवळ्या दाण्यांत साखर नुकतीच उतरलेली असते. पुढें तिचें पिष्ट होऊन दाणा टणक बनतो. पण ही साखर दाण्याची कमाई नव्हे. ती हिरव्या पानांनीं सूर्यप्रकाशांत तयार केलेली. पानांतून ती रसवाहिनींत शिरते व रसाच्या दाबानें कणसाकडे वाहते. मात्र पेशीच्या पडद्यांतून साखर आपोआप झिरपत नाहीं. तिला दार लागतें. हीं दारें म्हणजे पडद्यांत बसलेलीं प्रथिनें. त्यांचा 'स्वीट' नांवाचा एक वर्ग अमेरिकेंत वुल्फ फ्रॉमर व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं उजेडांत आणला. साखर जेथें अधिक असेल तेथून कमी असेल तिकडे हीं दारें तिला जाऊं देतात. भातांत 'स्वीट-११' व 'स्वीट-१५' हीं दोन्ही निकामी केलीं, तेव्हां लोंबींतले दाणे पोचट राहिले.

अशा दारांवर एका जंतूचाहि डोळा आहे. भाताचीं पानें कडेनें वाळविणाऱ्या या जंतूचा रोग, म्हणजे कडा करपा, भारतांत प्रथम १९५१ सालीं आजच्या महाराष्ट्रांतच आढळला. १९६३ सालीं बिहारांत त्याची मोठी सांथ आली. हा चोर दार फोडीत नाहीं. जनुक म्हणजे दार केव्हां व कोठें करावें याचा लेख. जंतूनें पेशींत सोडलेलें प्रथिन त्या लेखाच्या आरंभींच्या ठराविक अक्षरांवर जाऊन बसतें, आणि रोप भुलून नको तेथें दार उघडतें. साखर पेशीबाहेर येते व चोराचें पोट भरतें. 'स्वीट-११' हें त्यांपैकींच एक. तें बुजवावें तर घरचें लेंकरूं उपाशी राहतें. ठेवावें तर चोर शिरतो!

२०१९ सालीं संशोधकांनीं मधला मार्ग दाखविला. दार जसेंच्या तसें ठेवून, चोरास ठाऊक असलेलीं तीं अक्षरें तेवढीं त्यांनीं बदललीं. मग जंतूच्या अनेक वाणांची डाळ शिजेना, आणि रोपांची वाढहि नेहमीप्रमाणें झाली.

हा विषय वऱ्हाडास परका नव्हे. अकोल्यास १९६९ सालीं स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचें भातसंशोधन केंद्र चंद्रपूर जिल्ह्यांत सिंदेवाही येथें आहे. शिवाय आमच्यापैकीं कित्येकांची शाळेची फी खळ्यावरच्या दाण्यांतूनच येते. दाणा पोचट निघाला कीं वह्यापुस्तकांची ओढाताण आम्ही घरीं पाहतों. म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींनो, वनस्पतिशास्त्राच्या तासाला 'रसवाहिनी' हा शब्द नुसता घोकूं नका. पानानें केलेली कमाई दाण्यापर्यंत सुखरूप पोंचते, तेव्हांच घरांत चूल पेटते.