एका बोटाचा बेस

बेस गिटार कानाला कमी ऐकू येते, छातीला जास्त. लग्नाच्या हॉलमध्ये आपण गायकाकडे बघत असतो, पाय मात्र बेसवाल्याच्या मागे चाललेले असतात. मी भजनात पखवाज वाजवणारा माणूस. या वाद्याची ओढ मला लागली ती आमच्या कचेरीतल्या निवृत्त हेडक्लार्कांमुळे. त्यांना आम्ही सगळे बाब म्हणतो. नोकरीत असताना शनिवार-रविवार ते लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवायचे. दोन वर्षांमागे त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजव्या हाताची तर्जनी सुधारली, बाकीची बोटं काही ऐकेनात. बेसवाले सहसा दोन बोटं आळीपाळीने चालवतात. बाबनी गिटार पेटीत घातली आणि पेटी माळ्यावर टाकली.

म्हणून मी त्यांच्याकडे जेम्स जेमर्सनचा विषय काढला. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा हा बेसवादक. १९६०च्या दशकातल्या तिच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत तोच वाजवतो, पण तबकडीवर त्याचं नाव नसे. १९७१ साली मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर वादकांची नावं छापली गेली, तेव्हा कुठे लोकांना कळलं. १९८३ साली तो गेला. हा गडी वाजवायचा फक्त उजव्या तर्जनीने! त्या बोटाला 'हूक', म्हणजे आकडा, असंच नाव पडलं होतं.

बाब म्हणाले, "बोट ठीक आहे रे, पण तो आवाज कुठून आणणार?"

आवाज तसा वेगळाच. काळोखा, गोलसर, दाबून बसवलेला. सूर उमटतो आणि लगेच मिटतो. टोनचं बटण मिटवलं की झालं, असं पुष्कळांना वाटतं. जेमर्सन तर ते बटण पूर्ण उघडं ठेवायचा असं सांगतात. काळोख होता तारांत. त्याच्या १९६२च्या फेंडर प्रिसिजनवर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या. अशा तारेवर गोल तारेऐवजी चपटी पट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे बोटाची खरखर नाही आणि चकाकीही नाही. तुटेपर्यंत तो तारा बदलत नसे. मळ साचलेली तारच त्याला प्रिय होती.

दुसरी गोष्ट फोमची. ब्रिजवरच्या झाकणाखाली फोमचा तुकडा तारांना टेकलेला असे. हे मला चटकन कळलं, कारण पखवाजाच्या डाव्या पुडीला आपण कणीक लावतो ती याचसाठी. कणीक नसेल तर पुडी भणभणते, जास्त झाली तर नुसता धप्प आवाज येतो, सूर हरवतो. मी भांडी घासायच्या नव्या स्पंजची पट्टी कापून ब्रिजजवळ तारांखाली सरकवली. (स्पंज कुठे गेला म्हणून घरात चौकशी झाली, ते असो.) पट्टी दोनदा तासावी लागली. तारेला ती जेमतेम टेकायला हवी.

राहिला दाब. मोटाउनमध्ये बेस ॲम्प्लिफायरपुढे माइक न ठेवता थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्रणेत जोडत. आम्हीही गिटार थेट संगणकाला जोडली आणि कॉम्प्रेसर लावला. तो मोठा आवाज खाली दाबतो. मग एकूण पातळी वाढवली की बारीक आवाजही वर येतो. प्रमाण ४ ला १ ठेवलं. तो दाबायला लागायच्या आत ३० मिलिसेकंद मोकळे सोडले, म्हणजे बोटाचा पहिला ठोका सुटून जातो. सोडण्याचा वेळ फार कमी केला तर फोमने मारलेली शेपटी पुन्हा डोकं वर काढते. इथे संगणकाच्या पडद्यावरचे आकडे बघू नयेत, डोळे मिटावेत.

तारा नव्या होत्या म्हणून पहिले चार आठवडे आवाज उजळच राहिला. बाब रोज अर्धा तास वाजवत राहिले. पाचव्या आठवड्यात 'माय गर्ल'च्या सुरुवातीचे ते साधे सूर त्यांनी वाजवले, मी ऐकवले. ते गप्प. मग पुन्हा ऐकायला मागितले आणि म्हणाले, "हेंच रे!"

१९६७चं 'बर्नाडेट' मात्र अजून हाताला लागत नाही. त्यातली बेसची चाल सतत पळते, आणि मधल्या ओळीला बाबचं बोट थकतं. सध्या ते गाणं आम्ही निम्म्या लयीत घेतो आहोत.