बाई, बुलेट ट्रेन आपल्याकडे थांबणार का?

मित्रांनो, तुम्ही कधी डहाणूला आला आहात का? अगदी सोपं आहे. चर्चगेटला डहाणू लोकल पकडायची आणि शेवटच्या स्टेशनापर्यंत बसून राहायचं. अंतर १२४ किलोमीटर. विरार गेलं की डबा जरा सैल होतो. मग वैतरणा, पुढे खाडीवरचे लांबलचक पूल, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि शेवटी डहाणू रोड. उतरल्यावर डहाणू गाव शोधू नका हं! ते अजून समुद्राकडे, थोडं लांब आहे. स्टेशनच्या नावात ‘रोड’ दिसलं की समजायचं, इथे गाव नाही, गावाला जाणारा रस्ता आहे. केळवे रोड, बोर्डी रोड, उमरगाम रोड ही सगळी त्याच घरातली भावंडं.

मी पालघरला राहते आणि तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या प्राथमिक शाळेत शिकवते. रोज लोकलने डहाणू रोड, तिथून जीपने पाऊण तास आणि शेवटी थोडी पायपीट. तलासरी गावाला रेल्वे स्टेशन नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग गावाला लागूनच जातो, पण गाडी धरायची तर कुणी डहाणूला येतो, कुणी उमरगाम, संजाण, नाहीतर भिलाडला.

आमच्या शाळेच्या ओट्यावरून हल्ली लांबवर काँक्रीटचे जाडजूड खांब दिसतात. पूर्वी तिकडे नुसती शेतं आणि ताडाची झाडं होती. मधल्या सुट्टीत मुलं खांब मोजतात आणि रोज आकडा चुकतो, कारण मध्येच एक टेकाड आडवं येतं. असंच एकदा मोजताना चौथीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, बुलेट ट्रेन आपल्याकडे थांबणार का?”

“नाही रे,” मी म्हटलं.

“मग आपल्याकडून जाते कशाला?”

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी जाताना गाडीत तोच विचार डोक्यात होता. आज तुमच्याशी त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी ही गाडी काय आहे ते पाहू. मुंबई ते अहमदाबाद (खरं म्हणजे त्याच्याही पुढे साबरमतीपर्यंत) ५०८ किलोमीटरचा हा मार्ग. १४ सप्टेंबर २०१७ रोजी त्याची पायाभरणी झाली. जपानची मदत, जपानचंच तंत्र. वेग ताशी ३२० किलोमीटर. एकूण स्टेशनं बारा आणि त्यातली महाराष्ट्रात चार: मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल, मग ठाणे, विरार आणि बोईसर. बोईसरनंतर एकदम वापी! मधले डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके गाडी न थांबता ओलांडणार. ते खांब दिसतात ना, त्यांच्यावर चाळीस-चाळीस मीटर लांबीच्या तुळया बसवतात. एकेका तुळईचं वजन ९७० टन.

वर्गात आम्ही गणित मांडलं. ताशी ३२० म्हणजे एका मिनिटाला पाच किलोमीटरांहून जास्त. डहाणू रोड ते बोईसर २१ किलोमीटर आहे, लोकलला वीसेक मिनिटं लागतात. या वेगाने चारसुद्धा लागणार नाहीत! पोरं एकदम खूश. मग मी दुसरं गणित घातलं. मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी बुलेट ट्रेन ५०८ किलोमीटर जायला २ तास ७ मिनिटं घेईल, आणि सगळ्या स्टेशनांवर थांबणारी २ तास ५८ मिनिटं. करा भागाकार. पहिलीचा सरासरी वेग येतो २४०, दुसरीचा १७१. रूळ तेच, गाडीही तशीच, तरी थांब्यांनी केवढा वेग खाल्ला! गाडी थांबायला आधी वेग कमी करावा लागतो आणि निघाल्यावर तो पुन्हा चढवावा लागतो. म्हणून तर या मार्गावर सरासरी ४६ किलोमीटरला एक स्टेशन आहे. आपल्या लोकलसारखं दर सात-आठ किलोमीटरला थांबली, तर ती बुलेट ट्रेन राहणारच नाही.

म्हणजे वेगाची गाडी सगळ्यांसाठी थांबू शकत नाही. हे मुलांना पटलं. पण “आपल्याकडून जाते कशाला” हा प्रश्न तसाच राहिला.

आता आमच्या लोकलबद्दल सांगते. डहाणूपर्यंत लोकल यायला लागली १६ एप्रिल २०१३ पासून. त्याआधी ती विरारलाच संपायची. आम्ही पॅसेंजर किंवा शटलने विरार गाठायचं, तिथे उड्या मारत गाडी बदलायची. असं का होतं, माहीत आहे? बरीच कारणं होती, पण त्यातलं एक मजेशीर आहे. डोक्यावरच्या तारेतली वीजच वेगळी होती! विरारच्या दक्षिणेला १५०० व्होल्टची डीसी आणि उत्तरेला २५,००० व्होल्टची एसी. २०१२ मध्ये चर्चगेट-विरारचा मार्ग पूर्ण एसी झाला आणि वर्षभराने लोकल थेट डहाणूला पोचली. त्या दिवसांत माझं डी.एड. संपून नोकरी शोधणं चालू होतं. थेट गाडी झाली म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला होता, ते अजून आठवतं.

या लोकलमध्ये कोण-कोण असतं म्हणता? बोईसरच्या कारखान्यांत जाणारे, पालघरला कॉलेजात जाणारे, मुंबईच्या ऑफिसांत जाणारे. मालडब्यात चिकूच्या करंड्या, मिरचीची पोती, मासळीच्या पाट्या. एका डब्यात भजन चालतं, दुसऱ्यात पत्ते. लेडीज डब्यात मेथी निवडून होते, वाढदिवस होतात, आणि मी तर उत्तरपत्रिकासुद्धा तपासते. (कुणाच्या पेपरवर चहाचा डाग दिसला तर तो माझाच, क्षमा असावी!)

पण या मार्गाचं एक दुखणं आहे. विरारपर्यंत रुळांच्या चार जोड्या आहेत. विरारच्या पुढे दोनच, एक जायची, एक यायची. याच दोन वाटांवरून आमची लोकल जाते, दिल्ली-गुजरातच्या लांब पल्ल्याच्या गाड्या जातात आणि मालगाड्याही जातात. मागून राजधानी किंवा वंदे भारत आली की लोकलला मधल्याच एखाद्या स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं करतात. मग खिडकीतून बघत बसायचं. आधी लांबून भोंगा, मग फलाट थरथरतो, धाडधाड धाड, आणि गाडी गेलीसुद्धा. वारा तेवढा आपल्या वाट्याला.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची आई बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करते. संध्याकाळी लोकलने डहाणू रोडला येते आणि स्टेशनाबाहेरून पाड्याकडे जाणारी शेवटची जीप धरते. जीपवाला भला माणूस आहे, थोडी वाट पाहतो. पण दहा माणसं आत बसलेली असताना किती थांबणार? गाडी वीस मिनिटं उशिरा आली की जीप गेलेली असते. मग ती माउली डहाणूत बहिणीकडे राहते, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून अर्ध्या वाटेपर्यंत येते आणि उरलेलं अंतर अंधारात चालते.

ती मुलगी काय करते सांगू? गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर आई घरी आल्याची वेळ लिहिते. एकदा वही तपासताना ते पान माझ्यासमोर आलं. ‘८.१०. ८.१५. ९.३०. आली नाही. ८.१०.’ मला वाटलं, वेळेचा अभ्यास आहे. विचारलं तेव्हा कळलं.

वीस मिनिटांत बुलेट ट्रेन शंभराहून जास्त किलोमीटर जाईल. आमच्याकडे तीच वीस मिनिटं म्हणजे जीप मिळणं किंवा न मिळणं.

मग वेगवान गाडीचा रोजच्या प्रवाशाला उपयोगच नाही का? थांबा, इतक्यात निकाल देऊ नका. मी थोडं वाचलं आणि जपानची गोष्ट कळली. जगातली पहिली बुलेट ट्रेन तिथे १ ऑक्टोबर १९६४ ला धावली, टोकियो ऑलिंपिक सुरू व्हायच्या नऊ दिवस आधी. टोकियो ते ओसाका, ५१५ किलोमीटर. आपल्या मार्गापेक्षा जेमतेम सात किलोमीटर जास्त! आधी साडेसहा तास लागायचे, ते सुरुवातीला चार तासांवर आले. पण ती बांधली का, ते महत्त्वाचं. जुना मार्ग प्रवासी गाड्यांनी आणि मालगाड्यांनी तुडुंब भरला होता. लांबच्या वेगवान गाड्या नव्या रुळांवर गेल्या आणि जुन्या रुळांवर गावोगावच्या गाड्यांना जागा झाली. गंमत म्हणजे बुलेट ट्रेनमध्येही सावकाश जाणारी एक गाडी आहे. तिचं नाव कोदामा, म्हणजे प्रतिध्वनी. ती प्रत्येक स्टेशनात थांबते, आणि नोझोमी नावाची धावरी गाडी मागून आली की बाजूला उभी राहून तिला वाट देते. आमच्या लोकलची जपानी बहीणच म्हणा ना.

इंग्लंडमध्ये वेगळाच प्रकार. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला जाणाऱ्या गाड्यांसाठी त्यांनी वेगवान मार्ग बांधला. मग डिसेंबर २००९ पासून त्याच रुळांवरून केंट जिल्ह्यातल्या नोकरदारांसाठी ताशी २२५ किलोमीटरच्या गाड्या सोडल्या. ॲशफर्ड गावाहून लंडनला जायला पूर्वी जवळजवळ दीड तास लागे, आता चाळीस मिनिटंही लागत नाहीत. या गाड्याही जपानी कंपनीच्याच. मात्र तिकिटाला साध्या गाडीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. लंडन ते बर्मिंगहॅम आणखी एक मार्ग बांधणं चालू आहे. जुन्या मार्गावर जागा उरली नाही, हे त्याचंही एक मोठं कारण सांगितलं गेलं. बर्मिंगहॅमच्या पुढचा भाग मात्र खर्च फार वाढल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाला.

केंटसारखं आमच्याकडे होणार नाही. बुलेट ट्रेनच्या दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर आणि आपल्या गाड्यांचं १६७६. आमची लोकल त्या रुळांवर चढूच शकत नाही. बोईसरला जाऊन बुलेट ट्रेन धरावी म्हटलं, तर ज्याला रोज मुंबई गाठायची आहे आणि तिकीट परवडेल त्यालाच ते जमेल. जिला बोईसरहूनच डहाणूला यायचं आहे, तिला त्याचा काय उपयोग?

जपानसारखं मात्र होऊ शकतं. आणि माझ्या मते, आम्हाला बुलेट ट्रेनचा फायदा झालाच तर तो याच वाटेने होईल. लांबचे प्रवासी तिच्यात गेले आणि जुन्या रुळांवर मोकळी झालेली जागा लोकलला दिली, तर. हा ‘तर’ मोठा आहे. जागा आपोआप लोकलला मिळत नाही, ती कुणीतरी वेळापत्रकात लिहून द्यावी लागते. बुलेट ट्रेनची वाट न पाहता होण्यासारख्या आणखी दोन गोष्टी आहेत. एक, मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, जो आमच्या जिल्ह्यातूनच जातो. दुसरी, विरार ते डहाणू ६४ किलोमीटर आणखी दोन मार्ग टाकायचं काम. त्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आणि काम चालू आहे. बुलेट ट्रेनचे फोटो पेपरात येतात, या कामाचे क्वचित येतात. मला विचाराल तर पाड्यावरच्या त्या वहीसाठी तिसरी आणि चौथी वाट जास्त महत्त्वाची.

खांबांची जागा कुठून आली, हेही सांगायला हवं. ती कुणाची तरी शेती होती. इथल्या अनेक ग्रामसभांनी या प्रकल्पाविरुद्ध ठराव केले, मोर्चे निघाले. पुढे मोबदला घेऊन लोकांनी जमिनी दिल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये सगळी जमीन ताब्यात आल्याचं जाहीर झालं. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या घरी पैसे आले, कुडाच्या भिंती जाऊन विटांचं घर झालं. त्याला विचारलं, “आवडलं का नवीन घर?” तो म्हणाला, “आवडलं. पण आंबा तिकडंच राहिला.” तिकडे म्हणजे कुठे ते मी विचारलं नाही. खांबांच्या रांगेत त्याने बोट दाखवलंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं वर्गात सांगितलं. जपान, कोदामा, चार वाटा. चौथीतल्या त्या मुलाने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे ती थांबली नाही तरी चालेल. आपली गाडी थांबवली नाही म्हणजे झालं.”

आता आम्ही वर्गात एक तक्ता लावला आहे. मुलीला विचारून तिच्या वहीतल्या वेळा त्यावर लिहितो. शेजारी माझ्या सकाळच्या गाडीच्या वेळा. पावसाळ्यातले आकडे बघवत नाहीत, हिवाळ्यातले बरे आहेत. तुम्हीही रोज गाडीने किंवा एसटीने शाळेत जात असाल, नाहीतर घरातलं कुणी कामावर जात असेल, तर असा तक्ता महिनाभर करून पाहा. आणि आमच्याकडे आलात तर लोकलमध्ये पूर्वेकडच्या खिडकीशी बसा. गाडी मध्येच कुठे बाजूला उभी राहिली तर कंटाळू नका, बाहेर बघा. हवा स्वच्छ असली तर लांब महालक्ष्मीचा डोंगर दिसेल. नवीन रुळांचं काम कुठवर आलंय तेही डोळ्यांखालून घाला आणि मला कळवा. आमच्या तक्त्यात त्यासाठी एक रकाना रिकामा ठेवला आहे.